चमचाभर साखरेचा हिशोब

कुणी भाजी निवडत असेल, कुणी जनावरांचं आवरून टेकली असेल, कुणी कंपनीच्या बसची वाट बघत मोबाईलवर आपलं केंद्र लावलं असेल. आज आपण बोलणार आहोत शरीरातल्या ग्रंथींबद्दल आणि हार्मोनबद्दल.

हार्मोन हा शब्द आता आपल्या तोंडात चांगला रुळलाय. गटाच्या बैठकीत एखादी सांगते, "मला थायरॉईड निघालाय." दुसरी म्हणते, "माझ्या पोरीला पाळी येत नाही, डॉक्टर म्हणाले हार्मोनचं आहे." तिसरीच्या सासूला साखर असते. ही तीन वेगवेगळी दुखणी वाटतात, पण तिन्हींचं मूळ एकाच व्यवस्थेत आहे. ती व्यवस्था कशी चालते हे समजलं, की आपल्या हातातला रिपोर्ट थोडा तरी वाचता येतो, आणि डॉक्टरांना काय विचारायचं तेही कळतं.

आधी ग्रंथी म्हणजे काय ते बघू. शरीरात काही ग्रंथींना नळी असते. घामाच्या ग्रंथीतून घाम नळीवाटे कातडीवर येतो, लाळेच्या ग्रंथीतून लाळ तोंडात येते. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथींना नळीच नसते. त्या आपला रस थेट रक्तात सोडतात. म्हणून त्यांना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात, आणि त्या रसाला म्हणतात हार्मोन. मराठीत त्याला संप्रेरक असा शब्द आहे, म्हणजे काम करायला प्रेरणा देणारा. 1902 साली इंग्लंडमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी आतड्यातून रक्तात जाणारं असं एक द्रव्य शोधलं, आणि 1905 मध्ये स्टार्लिंगनी अशा द्रव्यांसाठी हार्मोन हा शब्द वापरला.

हार्मोन म्हणजे चिठ्ठी समजा. आपल्याकडे महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या भागात घरटी एक माणूस तरी कंपनीत जातो, म्हणून कंपनीचंच उदाहरण घेऊ. ऑफिसातून चिठ्ठी निघते आणि सगळ्या विभागांतून फिरते. पण ज्या विभागाचं काम असतं, तोच ती वाचतो आणि कामाला लागतो. बाकीचे बघतात आणि पुढे जाऊ देतात. हार्मोनही रक्तातून सगळ्या अंगभर फिरतो, पण ज्या पेशींवर त्याचं कुलूप असतं तिथेच त्याची चावी लागते. म्हणून ग्रंथी एका जागी असते आणि तिचा परिणाम भलत्याच जागी दिसतो. गळ्यातली ग्रंथी मंदावली, तर पोट साफ होत नाही आणि केस गळतात. आपण मात्र केसांना तेल बदलत बसतो.

आता डोक्यापासून खाली येऊ. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी आहे, तिला पिट्युटरी म्हणतात. ती बाकीच्या बऱ्याच ग्रंथींना हुकूम देते, आणि तिच्यावर मेंदूचा हुकूम चालतो. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड आहे. शरीराची चूल किती मोठी पेटवायची हे ती ठरवते. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आहेत. उसाच्या कडेने जाताना बिबट्याची चाहूल लागली की छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, पायात बळ येतं. तो त्यांच्यातल्या अ‍ॅड्रेनालिनचा प्रताप. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड आहे. ओटीपोटात आपले दोन अंडाशय आहेत, तिथून पाळीचे हार्मोन निघतात.

मग या चिठ्ठ्या किती पाठवायच्या हे कोण ठरवतं? घरावरच्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो, बघा. पाणी कमी झालं की गोळा खाली जातो, नळ उघडतो. टाकी भरली की गोळा वर येतो, नळ बंद. कुणी उभं राहून बघावं लागत नाही. ग्रंथींचं काम असंच चालतं. रक्तात थायरॉईडचा हार्मोन कमी पडला, की मेंदूखालची पियुषिका ओळखते आणि टीएसएच नावाची चिठ्ठी जोरात पाठवते, "काम वाढव." हार्मोन पुरेसा झाला की चिठ्ठ्या कमी होतात.

हे लक्षात राहिलं, तर थायरॉईडच्या रिपोर्टचा एक मोठा गोंधळ सुटतो. रिपोर्टात टीएसएच वाढलेलं दिसलं, की बाई म्हणते माझा थायरॉईड वाढलाय. बहुतेक वेळा खरं उलट असतं. टीएसएच वाढलं याचा अर्थ वरून हाका मारमारून घसा बसलाय, कारण खालची ग्रंथी मंद पडली आहे. अशा बाईला दिवसभर थकवा असतो, थंडी जास्त वाजते, बद्धकोष्ठ होतं, पाळीत रक्त जास्त जातं, कशात लक्ष लागत नाही. घरात तिला आळशी म्हणतात. सून असेल तर विचारूच नका. खरं तर तिला बोल लावण्याआधी तिच्या रक्ताची एक तपासणी करायला हवी. डॉक्टरांनी गोळी दिली, तर ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने सोडायची नाही. गरोदर बाईने तर मुळीच नाही, कारण पहिल्या तीन महिन्यांत पोटातल्या बाळाच्या मेंदूला लागणारा हा हार्मोन आईकडूनच जातो. आणि हा हार्मोन बनायला आयोडीन लागतं, म्हणून आयोडीनचं मीठच वापरायचं आणि ते बरणीत झाकण लावून ठेवायचं.

टाकीच्या गोळ्याची आणखी एक गोष्ट आहे. टाकीत बाहेरून पाणी ओतलं, तर गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. गुडघे दुखतात म्हणून कुणीतरी न सांगता पुडीतली गोळी देतं, दोन दिवसांत बाई पळायला लागते. अशा काही गोळ्यांत स्टेरॉईड असतं. ते अधिवृक्क ग्रंथीच्या हार्मोनसारखंच असतं. महिनोन् महिने बाहेरून मिळत राहिलं, की आपली ग्रंथी म्हणते, मग मी कशाला राबू? ती झोपी जाते. साखर चढते, तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात. आणि गोळी एकदम बंद केली, तर झोपलेली ग्रंथी लगेच उठत नाही, जिवावरही बेतू शकतं. म्हणून नाव नसलेली गोळी घ्यायची नाही, आणि बरेच दिवस घेतली असेल तर डॉक्टरांना सांगून हळूहळूच कमी करायची. गौरी-गणपतीत किंवा वारीत पाळी येऊ नये म्हणून दुकानातून आणतात त्या गोळ्याही हार्मोनच्याच असतात. त्याही विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आता आजच्या मुख्य गोष्टीकडे येऊ. ती आहे साखरेची.

आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. निरोगी माणसाच्या त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती असते? साधारण पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. सकाळी उपाशीपोटी एक चमचा, आणि भाकरी, भात, पुरणपोळी खाऊनही थोडा वेळ वाढून परत तेवढीच. एवढा काटेकोर हिशोब कोण ठेवतं? स्वादुपिंडातल्या छोट्या छोट्या पेशींचे पुंजके. जेवणानंतर साखर वाढली की ते इन्सुलिन सोडतात. इन्सुलिन ही चावी. ती पेशींची दारं उघडते, साखर आत जाते, उरलेली यकृतात साठवली जाते. उपास घडला, साखर कमी व्हायला लागली, की त्याच पुंजक्यांतून ग्लुकॅगॉन नावाचा दुसरा हार्मोन निघतो. तो यकृताला सांगतो, "साठ्यातली थोडी काढ." आळंदीची वारी करणारी आपली माणसं एकादशीला दिवसभर उपाशी चालतात आणि तरी भोवळ येऊन पडत नाहीत, ते या दुसऱ्या हार्मोनमुळे. एक भरणारा, एक काढणारा. घरात एकीने धान्य भरावं आणि दुसरीने मापून काढावं, तसं.

मधुमेहात हा हिशोब बिघडतो. लहानपणी होणाऱ्या प्रकारात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. 1921 साली कॅनडातल्या टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं. त्याआधी अशी मुलं जगत नव्हती. मोठेपणी होणाऱ्या प्रकारात चावी असते, पण कुलूप गंजलेलं असतं. चावी लागत नाही म्हणून स्वादुपिंड जास्त चाव्या बनवतं, वर्षानुवर्षं राबतं, आणि शेवटी थकतं. ते थकेपर्यंत आपल्याला काही कळत नाही. ना दुखतं, ना खुपतं. म्हणून इन्सुलिन घ्यायला सांगितलं तर "त्याची सवय लागते" म्हणून घाबरू नका. अंगात जे कमी पडलंय, तेच आपण देतो.

आता तुमच्यातली एखादी म्हणेल, "ताई, मी तर काडीसारखी आहे. साखर जाड्या माणसांना होते." इथेच आपली फसगत होते. पुण्यात रास्ता पेठेत केईएम रुग्णालय आहे. तिथल्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. 2004 साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी मिळून दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा अगदी सारखा होता, 22.3. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. काट्यावर सारखे, आत वेगळे. आपल्या लोकांत स्नायू कमी आणि चरबी जास्त, आणि तीही पोटाभोवती. ही पोटाची चरबीच इन्सुलिनचं कुलूप गंजवते.

हे कधीपासून होतं? याचं उत्तर आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या बायांनी दिलं. 1993 पासून याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत पाहणी सुरू केली. लग्न झालेल्या बायांची आधी नोंद केली, त्यांना दिवस गेले की त्यांचं खाणं, काम, वजन, रक्त तपासलं, आणि बाळ जन्मलं की त्याला लगेच मोजलं. अशी सुमारे 800 गरोदरपणं त्यात होती. दिवस जाण्याआधी या बायांचं सरासरी वजन 42 किलोच्या आसपास होतं. शेतातली कामं, पाणी भरणं, सगळं चालूच. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन भरलं साधारण 2.7 किलो. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन गावातली बाळं सरासरी 3.5 किलोची होती.

आता ऐका. आपली बाळं लहान, हे अपेक्षितच होतं. पण पाठीवरची कातडी चिमट्याने मोजली, तेव्हा असं दिसलं की आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी फारशी कमी नव्हती. बारीक दिसणारं, पण आतून चरबीचं बाळ. पुढे पुण्यातल्या आणि लंडनमधल्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर आपल्या बाळांच्या रक्तात इन्सुलिन जास्त सापडलं. म्हणजे जन्माच्या दिवशीच हा हिशोब थोडा वेगळा झालेला होता.

गटाने त्या मुलांचा पाठपुरावा सोडला नाही. ती 18 वर्षांची झाली तेव्हा परत तपासली. मुलांपैकी शंभरात 37 जणांची आणि मुलींपैकी शंभरात 18 जणींची साखर नेहमीपेक्षा जास्त निघाली, बहुतेकांची मधुमेहाच्या अलीकडच्या पायरीवर. त्यातली बरीचशी मुलं अंगाने जाड नव्हतीच. ही आपल्यासारखीच शेतकऱ्यांची मुलं, बरं का.

मग आईच्या पोटात असं काय होतं? गरोदरपणात वार, म्हणजे प्लासेंटा, स्वतःच काही काळ ग्रंथीचं काम करते. तिचे हार्मोन आईच्या इन्सुलिनला मुद्दाम थोडं अडवतात, म्हणजे साखर आईच्या पेशींत कमी जावी आणि बाळाला मिळावी. निसर्गाची सोयच ती. एरवी आईचं स्वादुपिंड त्यावर जास्त इन्सुलिन बनवून हिशोब जुळवतं. ज्या बाईला ते जमत नाही, तिची साखर वाढते. ह्याला गरोदरपणातला मधुमेह म्हणतात. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं इवलंसं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन बनवू लागतं, आणि इन्सुलिन चरबी साठवायला सांगतं.

म्हणून गरोदर बाईची साखरेची तपासणी टाळू नका. पहिल्या तपासणीच्या वेळी एकदा, आणि मग 24 ते 28 आठवड्यांत परत. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. उपाशीच यावं लागतं असं नाही. आकडा 140 किंवा त्याहून जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. गोड पाणी पिऊन मळमळतं, दोन तास बसावं लागतं, घरी कामं पडलेली असतात, हे सगळं खरं. पण हे दोन तास दोन जिवांचे आहेत. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तो दिवस धरा. आणि बाळंतपणानंतर साखर उतरली म्हणून विसरू नका. सहा आठवड्यांनी परत तपासा आणि पुढे दरवर्षी. अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो.

आता ताटाबद्दल बोलू. त्या सहा गावांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या बाया गरोदरपणात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं जन्मतः मोठी होती. ज्या बायांना अंगमेहनतीचं काम जास्त होतं, त्यांची बाळं हलकी होती. आणि तिघींपैकी सुमारे दोघींच्या रक्तात बी-12 हे जीवनसत्त्व कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर असं आढळलं, की ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-12 कमी होतं, त्यांच्या मुलांत इन्सुलिनचं कुलूप सगळ्यात जास्त गंजलेलं होतं. फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बंद करायच्या, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्या बाळाच्या पाठीच्या कण्यासाठी लागतातच. त्यांच्या जोडीला बी-12 ही पुरेसं हवं, एवढाच अर्थ.

बी-12 धान्यात नाही, डाळीत नाही, भाजीत नाही. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांत असतं. आपल्याकडे माळकरी घरं पुष्कळ. गळ्यात तुळशीची माळ, अंड्याला हात नाही. मग अशा घरात बी-12 कुठून येणार? दुधातूनच. आणि दूध जातं कुठे? पहाटे किटलीतून डेअरीवर. उरलेलं चहाला, मग म्हाताऱ्या माणसांना, मग मुलाला. मुलीच्या आणि सुनेच्या वाट्याला येतो चहाचा रंग. दुधाचे पैसे घरात येतात, ते लागतातही, मी नाही म्हणत नाही. पण रोज एक पेला दूध आणि एक वाटी दही घरातल्या वाढत्या मुलीला आणि गरोदर सुनेला मिळालं, तर तेवढं दूध विकलं नाही म्हणून घर बुडत नाही. ज्या दिवशी त्यांची बाळं मोठी होतील, त्या दिवशी ते फेडलं जाईल.

मुलीचं म्हणते मी, कारण दिवस गेल्यावर पळापळ करून फार उशीर होतो. बाळाची ग्रंथी बनते पहिल्या काही आठवड्यांत, तेव्हा बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. याच विचाराने पुण्याच्या त्या गटाने 2012 मध्ये त्याच मुलांना, म्हणजे पुढच्या आई-बापांना, किशोरवयातच बी-12 देऊन बघण्याचा प्रयोग सुरू केला. दहावीतल्या पोरीचं ताट म्हणजे पुढच्या पिढीचं स्वादुपिंड, असंच समजा.

आता आपल्या भागात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत काय बदललं ते बघा. शेतं गेली, शेड आले. जी आई शेतात राबत होती, तिची सून आता आठ तास एका जागी उभी राहून पार्ट जोडते. चालत जाणारी पोरं गाडीवर जातात. खाण्याचं दुर्भिक्ष संपलं, चहा-बिस्कीट आणि वडापाव कोपऱ्याकोपऱ्यावर आला. कमी खाण्यावर वाढलेलं शरीर आणि भरपूर साखरेचं जगणं, ही गाठ पडली की स्वादुपिंडावर ताण येतो. डोंगरावरच्या झऱ्याला अचानक नदीचं काम दिल्यासारखं.

त्यात तिसरी पाळी. आपल्या ग्रंथींनाही पाळ्या असतात. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडते आणि झोप येते. पहाटे अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल वाढवते, म्हणून जाग येते. रात्री इन्सुलिनही दिवसापेक्षा मंद काम करतं. म्हणून दुपारी जे ताट सहज पचतं, तेच ताट रात्री दोन वाजता कँटीनमध्ये खाल्लं तर रक्तातली साखर जास्त चढते आणि जास्त वेळ वर राहते. पोट भरायलाच हवं, काम करायचं आहे. पण रात्रपाळीला मुख्य जेवण घरून निघण्याआधी करा, मध्यरात्री भाकरी-भाजी, डाळ, ताक असं हलकं ठेवा, आणि तीन-तीन कप गोड चहाने झोप उडवू नका. सकाळी घरी आल्यावर खोलीत अंधार करून सलग झोप घ्या. घरच्यांनीही हे समजून घ्यायला हवं. रात्रभर राबून आलेल्या बाईला आल्या आल्या पाण्याला आणि डब्याला जुंपलं, तर तिच्या ग्रंथींचं घड्याळ कधीच लागणार नाही.

मैत्रिणींनो, शेवटी चार कामं सांगते. पुढच्या गटाच्या बैठकीत बचतीची वही मिटण्याआधी यांची वाच्यता करा.

पहिलं, तिशीनंतर प्रत्येकीने वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब तपासायचा. आपल्या उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात ते होतं, आशाताईंना विचारा. उपाशीपोटी साखर शंभराच्या आत असेल तर ठीक. 100 ते 125 म्हणजे धोक्याची घंटा, अजून वेळ आहे. 126 किंवा त्याहून जास्त आली तर परत तपासून डॉक्टरांना भेटायचं. बारीक आहे म्हणून कुणी सुटत नाही.

दुसरं, गटातल्या एखादीला दिवस गेले असतील, तर तिची साखरेची तपासणी झाली का, हे तिला विचारायची जबाबदारी गटातल्या एकीने घ्यायची. एकटी गेली नसेल तर सोबत जायचं.

तिसरं, घरातल्या मुलीच्या आणि सुनेच्या ताटात रोज दूध किंवा दही, आठवड्यात जमेल तितक्या वेळा मेथी, शेपू, पालक, तांदुळजा, आणि हंगामाचं स्वस्त फळ, पेरू, बोर, आवळा जे मिळेल ते. माळ नसेल तर अंडं. थकवा फार असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना बी-12 बद्दल विचारायचं.

चौथं, रोज अर्धा तास भरभर चालायचं आणि जड काम करून स्नायू राखायचे. चालणारा स्नायू इन्सुलिनची फार वाट न बघताही साखर आत ओढून घेतो. गंजलेल्या कुलपाला यासारखं तेल नाही. गरोदर बाईने मात्र हंडे उचलायचे नाहीत, ते घरातल्या बाकीच्यांनी उचलायचे.

मैत्रिणींनो, ग्रंथी आवाज करत नाहीत. त्या रोज रात्रंदिवस चमचाभर साखरेचा हिशोब ठेवतात आणि कधी पगारवाढ मागत नाहीत. त्यांचं काम सोपं करणं मात्र आपल्या हातात आहे, आणि बरंचसं आपल्याच स्वयंपाकघरात आहे. आज संध्याकाळी ताटं वाढताना एवढंच बघा, की दूध कुणाच्या वाट्याला आलं आणि कुणाच्या नाही.

तुमचे प्रश्न आपल्या केंद्राकडे कळवा, पुढच्या वेळी त्यांची उत्तरं देऊ. तोवर स्वतःची काळजी घ्या, एकमेकींची विचारपूस करा. नमस्कार.